रिचमंडचे हरिणोद्यान पाहायचे आहे : ऑक्टोबरात जावे का, आणि जुने ओक कुठे पाहावेत?

बालाघाटचा मास्तर (अंबाजोगाई)

सर्वांना नमस्कार. मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला अंबाजोगाईचा मनुष्य आहे. माझा मुलगा नोकरीनिमित्त लंडनच्या नैऋत्येस किंग्स्टन येथे राहतो आणि येत्या सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही उभयता दीड महिन्यासाठी त्याच्याकडे जात आहोत. राजवाडे आणि संग्रहालये मुलगा व सूनबाई दाखवतीलच. मला मात्र त्यांच्या घरापासून जवळ असलेले रिचमंड पार्क हे जुने हरिणोद्यान सावकाश, शक्य झाल्यास दोन-तीन खेपा करून पाहायचे आहे.

हरणे आम्हाला नवीन नाहीत. लहानपणी वडिलांबरोबर वावरात राखणीला गेलो की पहाटेच्या धुक्यात हरभऱ्यात उभा असलेला काळविटांचा कळप दिसायचा आणि वडिलांनी नुसता हातातला टिनाचा डबा वाजवला तरी तो बांधामागून बांध ओलांडत दिसेनासा व्हायचा. लंडनसारख्या शहरात हरणे मोकळी फिरतात, हे मला अजूनही नीट पटत नाही. तेव्हा माझी पहिली शंका अशी की हे प्राणिसंग्रहालय आहे, जंगल आहे की आणखी काही? दुसरी शंका अशी की ऑक्टोबरात तिथली हरणे माजावर येतात असे मुलगा म्हणतो, तर त्या दिवसांत गुडघेदुखी असलेल्या माणसाला (हे आमच्या मंडळींसाठी विचारतो आहे) तिथे नेणे शहाणपणाचे ठरेल काय? आणि तिसरे, तिथे कित्येक शतकांचे ओक वृक्ष आहेत असे वाचले. ते कुठे व कसे पाहावेत? जाणकारांनी सविस्तर लिहावे, वाचायला मला भरपूर वेळ आहे.

पूर्णाकाठ (मूळ परभणी, सध्या लंडन)

गुरुजी, आपण विचारले ते बरे केले, कारण इथे येणारे आपले बहुतेक लोक रविवारी दुपारी मोटारीतून एक चक्कर मारतात, चार हरणांची छायाचित्रे काढतात आणि परत जातात. मी गेली काही वर्षे या उद्यानाच्या जवळच राहतो आणि आठवड्यातून एकदा तरी पहाटे तिथे जातो.

हे प्राणिसंग्रहालय नव्हे आणि जंगलही नव्हे. राजाने शिकारीसाठी भिंत घालून राखलेले हे रान आहे. १६२५ मध्ये लंडनमध्ये प्लेगची साथ पसरली तेव्हा पहिल्या चार्ल्स राजाने आपला दरबार रिचमंडच्या राजवाड्यात हलवला आणि पुढे १६३७ मध्ये जवळच्या टेकाडावरील रानाला भिंत घालून आत हरणे सोडली. क्षेत्रफळ सुमारे ९५५ हेक्टर आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेतेवीसशे एकरांहून थोडे अधिक. आपल्याकडची दोन लहान गावे शिवारासकट आत बसतील. त्या भिंतीचा बराच भाग अजून उभा आहे. आत पिंजरे नाहीत, खाद्याचे हौद नाहीत, प्रवेशशुल्कही नाही. सुमारे ६३० हरणे आहेत आणि रस्ता ओलांडायचे त्यांच्या मनात आले की मोटारी थांबतात.

हरणे दोन जातींची आहेत. तांबूस, थोराड असते ते रेड डिअर; नर जवळजवळ आपल्या सांबराच्या अंगाचा असतो आणि त्याची शिंगे फांद्या फुटल्यासारखी वाढतात. दुसरे फॅलो डिअर, आकाराने लहान. उन्हाळ्यात त्याच्या अंगावर चितळासारखे पांढरे ठिपके असतात, पण नराची शिंगे वर जाऊन पसरट होतात, बोटे पसरलेल्या पंजासारखी. आपले काळवीट कुळाने गाय-बकरीच्या जवळचे असल्यामुळे त्याची शिंगे जन्मभर टिकतात. या दोघांची मात्र दर वसंतात गळून पडतात आणि नवी शिंगे मखमली कातडीखाली वाढून ऑगस्टच्या सुमारास मोकळी होतात. आपण याल तेव्हा ती अगदी ताजी, घासून टोकदार झालेली असतील.

आता माजाविषयी. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, कधी त्यापुढेही, हा काळ चालतो आणि वर्षातले पाहण्यासारखे दिवस म्हणाल तर हेच. सूर्य उगवण्याच्या सुमारास पोहोचलात तर हरीण दिसण्याआधी ऐकू येईल. वळू डुरकावा तसा तो आवाज असतो, पण अधिक घोगरा आणि शेवटी खोकल्यासारखा तुटणारा. नर चिखलात लोळतो, नेच्याच्या रानात शिंगे खुपसून ती उपटतो आणि मग डोक्यावर वाळक्या नेच्याचा भारा घेऊन माद्यांभोवती फिरत राहतो. थंडीत त्याच्या तोंडातून वाफ निघताना दिसते. या दिवसांत तो धड चरत नाही, त्याचे लक्ष फक्त दुसऱ्या नरावर असते आणि वाटेत आलेला माणूस हा त्याला दुसरा नरच वाटण्याचा संभव असतो.

माझीच फजिती सांगतो. इथे आलो त्या पहिल्याच वर्षी एका नराचे छायाचित्र घेण्याच्या नादात मी वाट सोडून नेच्यात शिरलो. तो पाठमोरा होता, म्हणून मला धीर आला. मी चाळीसेक पावलांवर आलो असेन, तोच त्याने मान न वळवता फक्त एक कान माझ्याकडे फिरवला. मग सारे अंग वळवले, मान खाली घातली आणि दोन पावले पुढे टाकली. दोनच. मी मागे सरताना एका वारुळासारख्या ढिगाऱ्याला अडखळून आडवा पडलो, चष्मा गवतात गेला आणि तो शोधायला मला तासाभराने, कळप पुढे सरकल्यावर, परत जावे लागले. तेव्हापासून निदान ५० मीटर अंतर ठेवा हा इथला नियम मी काटेकोर पाळतो, आणि माजाच्या दिवसांत त्याहूनही जास्त. नर आणि माद्या यांच्या मधून कधीही जाऊ नका. दुर्बीण आणा, लांबून बसून जे दिसते ते जवळ जाऊन दिसत नाही, कारण जवळ गेले की हरीण आपल्याकडे पाहू लागते आणि त्याचे काम थांबते.

वनस्पतिवेडा (नांदेड)

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो आणि दोन वेळा मुलीकडे गेलो असताना हे उद्यान पायी पाहिले आहे. हरणांविषयी वर उत्तम लिहिले आहे, म्हणून मी झाडांपुरते लिहितो. तसे पाहिले तर तिथली झाडे हरणांच्या तोंडाने घडवली आहेत, त्यामुळे विषय फारसा बदलत नाही.

आत शिरल्यावर कोणत्याही झाडाच्या शेंड्याकडे न पाहता आधी पानोळ्याच्या खालच्या कडेकडे पाहा. सगळ्या झाडांची ती कड सुताराने रंधा मारल्यासारखी एका पातळीत सपाट दिसेल. मागच्या पायांवर उभे राहून हरणाचे तोंड जिथवर पोहोचते तिथवरचा पाला ते शिल्लक ठेवत नाही. आपल्याकडे शेळ्यांच्या वाटेवरची बोर आणि बाभळ पाहा, तिथेही हीच रेघ दिसते, फक्त थोडी खाली. याच कारणाने नवे रोप तिथे आपोआप वाढत नाही. लावलेल्या प्रत्येक कोवळ्या झाडाभोवती लाकडी कठडा असतो आणि तो कित्येक वर्षे काढत नाहीत.

आता जुन्या ओककडे वळतो. त्यांतील अनेक वृक्ष भिंतीच्याही आधीचे, म्हणजे १६३७ पूर्वीचे आहेत. त्या काळी ही राने शेतांची आणि गायरानाची होती आणि लोक ओकचा बुंधा न तोडता जनावराच्या तोंडाच्या वर, पुरुष-दीड पुरुष उंचीवर त्याचा माथा छाटत; तिथून नवे धुमारे फुटत, ते दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा सरपणाला आणि कुंपणाला तोडत. आपल्या बांधावरच्या बाभळीच्या फांद्या आपण छाटतो आणि खोड राखतो, तोच हिशेब. त्यामुळे तिथले जुने ओक उंच, सरळसोट नाहीत. ते बुटके, अवाढव्य घेराचे आणि डोक्यावर मुठी आवळल्यासारखे दिसतात. अशा छाटणीने झाड मरत नाही, उलट जास्त जगते, कारण वरचा भार कमी राहतो आणि वादळात ते उन्मळत नाही. मोठे वय झालेले असे १,२०० हून अधिक वृक्ष या उद्यानात आहेत आणि त्यांतले बहुतेक ओक आहेत. त्यातला ‘रॉयल ओक’ म्हणून ओळखला जाणारा वृक्ष सुमारे ७५० वर्षांचा मानतात. आपल्याकडे ज्या सुमाराला ज्ञानेश्वरी लिहिली जात होती त्या सुमाराचे हे झाड म्हणायला हरकत नाही. त्याचा बुंधा आतून पोकळ आहे आणि तरीही दर वसंतात त्याला पालवी फुटते, कारण झाडाचा जिवंत भाग सालीलगतच्या पातळ थरात असतो; मधला गाभा गेला तरी पाणी चढत राहते.

वठलेल्या, मोडून पडलेल्या फांद्या जागच्या जागी पडलेल्या पाहून आपल्याला ही व्यवस्थापनाची ढिलाई वाटेल. मलाही पहिल्या दिवशी तसेच वाटले होते आणि मी मुलीजवळ तसे बोलूनही दाखवले. ते लाकूड मुद्दाम ठेवलेले असते. ‘स्टॅग बीटल’ नावाचा, हरणाच्या शिंगांसारखे जबडे असणारा एक मोठा भुंगा तिथे आहे. त्याची अळी कुजत्या लाकडात कित्येक वर्षे काढते आणि पंख फुटल्यावर पुरे एक ऋतूही जगत नाही. मुख्यतः याच भुंग्यासाठी या उद्यानाला युरोपीय दर्जाचे संरक्षण मिळालेले आहे. ऑक्टोबरात भुंगा दिसणार नाही, पण त्याचे घर दिसेल. आणि वर ज्या ‘वारुळासारख्या ढिगाऱ्या’ने आमच्या मित्राला पाडले ते खरोखर मुंग्यांचेच वारूळ होते. पिवळ्या मुंग्यांची असली गवताळ वारुळे जुन्या, न नांगरलेल्या कुरणातच सापडतात आणि हिरव्या सुतार पक्ष्याचे तर ते ताटच आहे.

एक गंमत सांगून थांबतो. ओकच्या ढोलीकडे पाहत मी उभा होतो आणि डोक्यावरून ओळखीचा कर्कश ‘कीं कीं’ आवाज गेला. आपला राघू! गळ्याभोवती गुलाबी कंठी असलेला, अगदी नांदेडच्या गुरुद्वाऱ्याजवळच्या झाडांवर दिसतो तोच. पाळलेल्या पक्ष्यांतून सुटलेल्यांची ही प्रजा गेल्या पन्नासेक वर्षांत लंडनच्या या भागात हजारोंनी वाढली आहे आणि जुन्या ओकच्या ढोल्यांत घरटी करते. तिथल्या पक्षिमित्रांना तो उपरा वाटतो. मला मात्र, खोटे कशाला बोलू, त्या दिवशी फार बरे वाटले.

औशाचा कास्तकार

लेख छान आहेत, पण मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली अशी की ज्या साडेतेवीसशे एकरांना राजाने भिंत घातली, ती जमीन कोणाची होती? आणि दुसरी अशी की वाघ-बिबट्या नसताना हरणे ६३० वरच कशी राहतात? माझ्या शिवारात कोणी मोजणी करत नाही, तरी दर वर्षी कळप वाढलेला दिसतो. सोयाबीनला दोन पाने फुटली की रात्रीतून ओळीच्या ओळी खुडून नेतात. काळवीट कायद्याने संरक्षित आहे, ते असावेही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पंचनामा करून घ्यायला जेवढे हेलपाटे होतात तेवढ्या दिवसांत दुबार पेरणीची वेळ निघून जाते. मागच्या साली माझे तेच झाले. म्हणून हरणांच्या सौंदर्याचे वर्णन वाचताना मन थोडे आखडते, एवढेच.

पूर्णाकाठ (मूळ परभणी, सध्या लंडन)

दादा, दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि ते विचारल्याशिवाय या उद्यानाची गोष्ट पुरी होत नाही.

जमीन काही राजाची होती, काही गावांच्या सामाईक गायरानाची आणि काही खाजगी मालकांची. अनेकांनी विकायला नकार दिला होता आणि राजाच्या सल्लागारांनीही त्याला सबुरीचा सल्ला दिला होता. त्याने मोबदला दिला, पण सगळे राजी होण्याची वाट न पाहता भिंतीचे काम सुरू केले. लोकांचा रोष पाहून पायवाटेचा आणि सरपण वेचण्याचा हक्क त्याला राखावा लागला. १६४९ मध्ये त्याच राजाचा शिरच्छेद झाला, हे आपण वाचलेच असेल. पुढे सुमारे शंभर वर्षांनी ॲमेलिया नावाची राजकन्या उद्यानाची प्रमुख झाली आणि तिने मोजक्या लोकांखेरीज सर्वांना दारे बंद केली. तेव्हा जॉन लुईस नावाचा रिचमंडचा एक मद्य-उत्पादक कोर्टात गेला आणि १७५८ मध्ये त्याने पायी चालणाऱ्यांचा हक्क परत मिळवला. भिंतीवरून ये-जा करण्यासाठी शिड्या बसवण्यात आल्या, तर त्यांच्या पायऱ्यांत इतके अंतर ठेवले की मुलांना आणि म्हाताऱ्यांना चढता येईना. लुईसने पुन्हा तक्रार केली आणि न्यायाधीशाने त्या पायऱ्या नीट करून घ्यायला लावल्या. निकाल हाती आल्यावरही अंमलबजावणीसाठी हेलपाटे मारावे लागतात, हे तिथेही चुकले नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. दर वर्षी नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत रात्री उद्यानाची सर्व दारे बंद ठेवून ठराविक हरणे नेमबाजांकरवी मारली जातात. भिंतीच्या आत गवत मर्यादित आहे आणि शिकारी प्राणी नाही. संख्या वाढू दिली तर हिवाळ्यात हरणे उपाशी मरतील आणि गवताळ रानही संपेल, असा त्यामागचा विचार आहे. हे ऐकून कोणाला वाईट वाटले तर ते स्वाभाविक आहे. मलाही पहिल्यांदा वाटले होते. आपल्याकडचा प्रश्न मात्र वेगळा आहे, कारण आपल्या काळविटाला भिंत नाही. तो मोकळ्या माळावरचा प्राणी, आणि माळ आपण नांगरला, म्हणून तो वावरात आला. तिथले उत्तर उचलून इथे लावता येणार नाही, आणि तुमचे बुडालेले बियाणे त्याने भरूनही निघणार नाही. उलट प्रकारही झाला आहे, तोही सांगतो: महायुद्धाच्या काळात अन्नटंचाई होती तेव्हा याच हरिणोद्यानाचा काही भाग नांगरून पिके घेतली होती.

लेक लातूरची

मी दोन वर्षांपूर्वी सासू-सासऱ्यांना घेऊन गेले होते, सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली होती, म्हणून काकूंसाठी व्यवहाराच्या चार गोष्टी लिहिते.

किंग्स्टनहून ६५ क्रमांकाची बस पीटरशॅमकडे जाते आणि तिथून उद्यानाचे दार जवळ आहे, पण आत शिरताच चांगला चढ लागतो. आमचा अर्धा दिवस त्या चढावर श्वास घेण्यात गेला. त्यापेक्षा मुलाला मोटार काढायला सांगा आणि थेट पेम्ब्रोक लॉजपाशी उतरा. तिथे स्वच्छतागृह आहे, चहा मिळतो, बाके आहेत, आणि समोर टेम्स नदीचे सारे खोरे पसरलेले दिसते. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे बालपण याच घरात गेले. जवळच एक लहानसा उंचवटा आहे. त्यावर उभे राहून झाडांमधल्या फटीतून दहा मैलांहून लांब असलेल्या सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट दिसतो आणि ती दृष्टिरेषा अडू नये म्हणून मधल्या इमारतींच्या उंचीवर बंधन आहे. भूगोलाच्या गुरुजींना ते आवडेल. शनिवार-रविवार टाळा. काकूंना बाकावर बसवून पुरुष मंडळींनी एकटेच भटकायला जाऊ नये, ही माझ्या सासूबाईंची सूचना जशीच्या तशी कळवते आहे.

इझाबेला प्लांटेशन नावाचा कुंपण घातलेला बाग-भाग आत आहे. तो ॲझेलियाच्या फुलांसाठी एप्रिल-मे मध्ये प्रसिद्ध असला तरी ऑक्टोबरात पानांचे रंग सुरेख असतात आणि हरणे आत येत नसल्यामुळे माजाच्या दिवसांत तिथे निर्धास्त फिरता येते.

दोन गोष्टी मात्र जरूर पाळा. गवतात गोचीड असतात आणि त्यांच्या चावण्याने लाइम नावाचा आजार होऊ शकतो; म्हणून पाय झाकणारे कपडे घाला, मोजे विजारीवर ओढून घ्या आणि घरी आल्यावर पाय व गुडघ्यामागची जागा तपासा. आणि हरणांना काहीही खायला घालू नका. आमच्या सासऱ्यांनी पुण्य म्हणून खिशातून पोळीचा तुकडा काढला होता, तो मी वेळीच हातातून घेतला. तिथे त्याला बंदी आहे आणि माणसाच्या हातून खायला शिकलेले हरीण पुढे माणसाच्या अंगावर येते. खाली पडलेली ओकची फळेसुद्धा उचलू नयेत. वाटीत बसवलेल्या सुपारीसारखी ती इतकी देखणी असतात की हात आवरत नाही, पण हिवाळ्यापूर्वी हरणांच्या अंगावर चरबी चढते ती त्यांच्यावरच.

बालाघाटचा मास्तर (अंबाजोगाई)

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. बेत असा ठरला आहे की पहिली खेप एखाद्या मंगळवारी सकाळी मोटारीने पेम्ब्रोक लॉजपर्यंत, मंडळींसह. तिथून दुर्बिणीने जे दिसेल ते. दुसऱ्या खेपेस मुलाबरोबर पहाटे डुरकणे ऐकायला, वाट न सोडता. आणि तिसरी फक्त झाडांसाठी. पानोळ्याची सपाट कड मी आजच संध्याकाळी योगेश्वरीच्या देवळाकडे जाताना एका बाभळीवर पाहून आलो. इतकी वर्षे त्याच वाटेने गेलो, पण कधी लक्ष गेले नव्हते. औशाच्या बंधूंना माझा निरोप असा की वडिलांचा तो टिनाचा डबा अजून माळ्यावर आहे, त्यामुळे त्यांची बाजू मला समजावून सांगावी लागत नाही.

एकच शंका उरली आहे. राघूंचे ऐकल्यापासून मंडळींनी बॅगेत हिरव्या मिरच्या भरायचे ठरवले आहे. त्यांना काय सांगू?

लेक लातूरची

काकूंना सांगा, मिरच्या सूनबाईंच्या स्वयंपाकघरात द्याव्यात. राघूंनाही तिथे खायला घालू नये.